इंग्रजी न बोलणारे इंग्रजीचे सर

मी ज्या शाळेत नोकरीला लागले तिथं इंग्रजी शिकवणारे एक सर होते आणि ते इंग्रजी बोलत नसत. येत नव्हतं असं नाही. आमच्या अख्ख्या स्टाफरूममध्ये मिळून जेवढं इंग्रजी होतं, त्याहून जास्त त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं. पण ते तोंडावाटे बाहेर पडत नसे. फळ्यावर इंग्रजी, पुस्तकात इंग्रजी, मुलींच्या वह्यांत इंग्रजी, आणि सरांच्या तोंडी मात्र त्यांच्या गावची, गडमुडशिंगीची मराठी. "काय गं, हा माणूस घरातनं रागानं भाईर पडलाय, मग दार आपटलं का न्हाय त्यानं? बघ की उताऱ्यात. तुझ्या मनातलं सांगू नको."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरातली जुन्या भागातली मुलींची शाळा. मी नुकती बी.एड. होऊन आलेली, साडी नेसायची सवय नसलेली, आणि इंग्रजी शिकवायचं म्हणजे इंग्रजीत बोलायचं असं समजणारी. पहिल्याच दिवशी मी सरांना इंग्रजीत "सुप्रभात" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चहा घेतलासा का?"

सर सायकलवरून यायचे. सायकलच्या मागच्या कॅरियरला एक कापडी पिशवी आणि पिशवीत कागदच कागद. पुस्तकं कमी. भडंग बांधून आलेला कागद, कुकरबरोबर मिळालेलं माहितीपत्रक, खताच्या पोत्यावरचं लेबल, साबणाच्या वडीचं वेष्टन. इंग्रजी अक्षर दिसलं की ते सरांचं. रस्त्यात पाटी दिसली की सायकलवरून उतरून वाचायचे. त्यामुळे शाळेला उशीर व्हायचा आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं की सांगायचे, "नवीन पाटी लागलीया उद्यमनगरात."

औषधाच्या डब्यातून घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद निघतो ना, तोही ते पूर्ण वाचत. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सरांनी गोळी हातात घेतली, कागद उलगडला, चष्मा पुसला आणि ही गोळी घेतल्यावर काय काय होऊ शकतं ते सगळं शेवटपर्यंत वाचलं. मग गोळी परत पाकिटात घातली. ताप दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. आमचे पी.टी.चे सर म्हणाले, "उतरणारच की. तापानंबी वाचलं असंल."

इंग्रजी ते शिकले होते तेही असंच. लहानपणी गावात रद्दीवाल्याकडं जुनी इंग्रजी मासिकं यायची, त्यातून. ऐकायला कुणीच नव्हतं. त्यामुळं शेकडो शब्द त्यांना अर्थासकट पाठ होते, पण त्यांचे उच्चार त्यांनी स्वतःच्या अंदाजानं ठरवलेले. पहिल्या नोकरीवर वर्गात कुठला तरी शब्द त्यांनी जसा लिहितात तसा उच्चारला. कुठल्याशा डॉक्टरचा मुलगा फिस्सकन हसला आणि मग सगळा वर्ग. त्या दिवसापासून सरांनी इंग्रजी बोलणं सोडलं. मला हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार वाईट वाटत होतं असंही नाही. "मला इंग्रजी दिसतंय बाई," ते म्हणाले, "ऐकू येत न्हाय. एखाद्याचं कान जातंय, डोळं ऱ्हातंय. तसं."

त्यामुळं असेल, सरांच्या तासाला वर्ग गप्प असायचा. आमच्या शाळेत वाचन म्हणजे मोठ्यानं वाचन. एक मुलगी उभी राहून वाचायची, बाकीच्या तिच्यामागून ओरडायच्या, आणि जेवढा आवाज मोठा तेवढी शाळा चांगली चालली आहे असं बाहेर रस्त्यावरच्या पालकांना वाटायचं. सरांचा वर्ग मात्र रिकामा असल्यासारखा. मोठ्या बाई एकदा खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. साठ मुली माना खाली घालून बसलेल्या आणि सर टेबलाशी शांत.

"सर, तास सुरू नाही का?"

"वाचायलेत."

"आवाज कुठाय?"

"आवाज आला की वाचन बंद पडतंय, बाई."

मोठ्या बाई खिडकीतून निघून गेल्या. पण त्यानंतर कुणी तपासणीला आलं की त्या त्यांना दुसऱ्या जिन्यानं न्यायच्या.

माझी आणि सरांची पहिली चकमक झाली ती माझ्या नववीच्या वर्गात. मी उतारा शिकवत होते. एक वाक्य वाचायचं, त्याचं मराठी करायचं, पुढचं वाक्य. मुली वह्यांत मराठी उतरवून घेत होत्या आणि मला वाटत होतं, छान चाललंय. सर मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, "बाई, हा उतारा तुमाला कळलाय, हे पोरींना कळलं. पोरींना उतारा कळलाय का?"

मी म्हटलं, "सगळे प्रश्न बरोबर सोडवतात."

"सोडवतील की." ते फळ्याशी गेले आणि त्यांनी एक वाक्य लिहिलं. वाक्य इंग्रजीसारखं दिसत होतं, पण त्यातला एकही मोठा शब्द इंग्रजी नव्हता. 'द ग्रॉम्पी टिबल झर्क्ड अ फोसनी इन द मुर्ड.' खाली प्रश्न लिहिला, फोसनी कुणी झर्क केली? वर्गातल्या एका हुशार मुलीनं लगेच हात वर केला आणि खणखणीत उत्तर दिलं, "द ग्रॉम्पी टिबल झर्क्ड अ फोसनी." कुठं केली? "इन द मुर्ड." टिबल कसा होता? "ग्रॉम्पी." सगळी उत्तरं बरोबर.

"पैकीच्या पैकी," सर म्हणाले. "आता सांग, टिबल म्हंजे काय?"

मुलगी गोंधळली. मग म्हणाली, "सर, आमच्या गाईडात नाही दिलेलं."

मला राग आला होता. मी आठवडाभर सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते तेव्हा पाण्याच्या मोटारीचं नवीन माहितीपत्रक वाचत होते. पण त्यानंतर मी नववीला वाक्यावाक्याचं मराठी करून द्यायचं थांबवलं, हेही खरं.

सरांनी वाचणाऱ्या माणसांचे तीन प्रकार केले होते. अडलेला शब्द आल्यावर माणूस काय करतो, त्यावरून. थांबे, उडे आणि थापे. थांबे तिथंच थांबतात, त्या एका शब्दाशी झटत बसतात आणि उतारा पुढं पळून जातो. उडे टुणकन उडी मारून पुढं जातात आणि मागं वळून बघत नाहीत. थापे मनानंच काहीतरी अर्थ लावतात आणि त्यावर अख्खी वेगळी गोष्ट रचतात. सर वर्ग उंचीप्रमाणं नव्हे, या प्रकारांप्रमाणं बसवत. थांबे खिडकीजवळ, म्हणजे हवा लागेल. उडे मध्ये. थापे अगदी पुढं, डोळ्यांसमोर.

उतारा सगळ्यांना एकच, काम वेगळं. थांब्यांच्या कागदावर अवघड शब्द शाईनं काळे केलेले असायचे. शब्दच नाही म्हटल्यावर थांबणार कुठं? ते बिचारे पुढं जायचे, आणि शेवटाला पोचल्यावर सर विचारायचे, "त्या काळ्या ठिपक्याखाली काय असंल आता?" उड्यांना उत्तर बोलायची बंदी होती, त्यांनी कागदावर बोट ठेवून दाखवायचं. आणि थाप्यांनी काहीही सांगितलं की सरांचा एकच प्रश्न, "कुठं लिवलंय?" हुशार म्हणून नाव असलेल्या बहुतेक मुली थाप्यांत निघाल्या. माझीही त्यांनी वर्गवारी केली होती. मी विचारलं नव्हतं तरी सांगितली.

शाहूपुरीतल्या एका गूळव्यापाऱ्याची मुलगी थाप्यांत बसली, तेव्हा ते गृहस्थ शाळेत आले. सीमाभागातलं लिंगायत घर, घरात कानडी, दुकानात मराठी. कपाळावर भस्माचे पट्टे आणि चेहऱ्यावर राग. "आमच्या पोरीला थापाडी म्हणालासा म्हणं."

"व्हय," सर म्हणाले. "बसा की. तुमी मराठी वाचायला शिकलासा तवा शब्द अडला की काय करत हुतासा?"

व्यापाऱ्यांनी विचार केला. "काय करणार? कायतरी लावून घ्यायचं आन् फुडं जायचं."

"मग पोरगी तुमच्यावरच गेलीया. जोरात चाललंय की तुमचं दुकान."

गृहस्थ हसत गेले. संध्याकाळी स्टाफरूममध्ये गुळाची ढेप आली. ती फोडताना आमची पी.टी.च्या सरांबरोबर जी ओढाताण झाली ती मोठ्या बाईंपर्यंत गेली.

पण सर आपली ही विद्या शाळेबाहेरही वापरत, आणि तिथं ती नेहमी चालतच असे असं नाही. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी, टापटीप, बोलका. पोहे झाले, चहा झाला, मुलीला विचारायचं ते विचारून झालं. मग सरांनी पिशवीतून मिक्सरचं इंग्रजी माहितीपत्रक काढलं आणि मुलाच्या हातात दिलं. "वाचा. मनात वाचा. आणि काय कळलं ते सांगा."

मुलाचे वडील अवघडले. मुलगा मात्र वाचू लागला आणि वाचून त्यानं असं सुंदर सांगितलं की बायकांना तो मिक्सर लगेच आणावासा वाटला. त्यात ओला मसाला किती बारीक होतो, वीज किती कमी लागते, भांडं कसं हातात घट्ट बसतं.

"कुठं लिवलंय?" सर म्हणाले.

ते लिहिलेलंच नव्हतं. त्या कागदावर फक्त मिक्सर बंद पडला तर काय करायचं तेवढं होतं.

पाहुणे गेल्यावर सरांनी निकाल दिला. "पक्का थाप्या हाय. पोरगी देऊ नका." घरानं त्यांचं ऐकलं नाही, कारण मुलगी हसत होती. लग्न झालं. आणि हा जावई सबंध घराण्याचा लाडका निघाला. सरांच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस तोच होता, आणि सगळ्यांना धीर देत होता. डॉक्टरांनी न सांगितलेल्या कितीतरी चांगल्या गोष्टी तो काकींना सांगायचा. सर मला म्हणाले, "बाई, उताऱ्याला थाप्या चालत न्हाय. दवाखान्यात चालतंय." चूक कबूल करण्याची त्यांची ही मजल होती.

मग काही वर्षांनी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं.

आता ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय, पण तेव्हा खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकांवर आभाळ कोसळलं होतं. आयुष्यभर चौथीपर्यंतच्या शाळेवर मराठी, गणित, परिसर शिकवलेली माणसं. त्यांना इंग्रजीशी कधी गाठच घालावी लागली नव्हती. त्यांच्यासाठी मे महिन्यात आठवडाभराचं प्रशिक्षण ठरलं आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका गटाला शिकवायला सर आणि मदतीला मी, अशी नेमणूक झाली. शाळेचं सभागृह, वर पत्रा, दोन पंखे. पन्हाळ्याकडच्या एक तरुण बाई होत्या, त्यांना बऱ्यापैकी वाचता येत होतं. गडमुडशिंगीचे दोघं सरांचेच गाववाले. आणि पार मागच्या बाकावर राधानगरीच्या पलीकडच्या एका वाडीवरचे गुरुजी, पांढरा पायजमा, टोपी, छत्री. मे महिन्यातसुद्धा छत्री.

पहिल्या दिवशी चहाच्या वेळी गुरुजी सरांजवळ आले. "पावणं, आधीच सांगून ठेवतो. मी काय हे शिकणार न्हाय. आमच्या टायमाला इंग्रजी सोडून मॅट्रिक व्हता येत हुतं. तसा मी झालतो. आता सह्या करून जाणार आन् गावाकडं गेलो की सेवानिवृत्ती मागून घेणार."

"किती ऱ्हायलीया नोकरी?"

"हाय थोडी. पर पैलीच्या पोरांपुढं खोटं वाचायचं? माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

सर म्हणाले, "सह्या करायच्या तर बसून करा. हितं माझ्याजवळ."

सरांनी या गटासाठी उतारे स्वतः लिहिले होते. प्रत्येक उताऱ्याच्या शेवटच्या ओळीत एक विनोद. खाली प्रश्न एकही नाही. वाचायला द्यायचं आणि आपण गप्प उभं राहून चेहरे बघायचे. "हसला की कळला," ते मला म्हणाले. "आन् शेजारच्याचं बघून हसला तर त्याचं डोळं वळत्यात, ते बघायचं." मला वाटलं, हे फार सोपं आहे. प्रत्यक्षात चेहरे बघायला लागल्यावर लक्षात आलं, हसू खोटं आणायला माणसाला फार कष्ट पडतात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वरच्या कार्यालयातले, या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवायला नेमलेले, वयानं सरांपेक्षा बरेच लहान, माणूस मेहनती. त्यांनी दारातून बघितलं. इंग्रजीचं प्रशिक्षण, आणि शिक्षक सांगतायत, "आता बघा, ह्या बाबाजवळ छत्री हाय, तरीबी भिजतोय. का?"

साहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. "इंग्रजीचं प्रशिक्षण मराठीत? सूचना स्पष्ट आहेत. सगळं इंग्रजीत व्हायला पाहिजे. तुम्ही एक दिवस तरी इंग्रजीत घेऊन दाखवा."

सर म्हणाले, "मला जमायचं न्हाय."

"मग तुमची नेमणूक मला बदलावी लागेल."

"बदला की."

साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "उद्यापासून बाई घेतील. पहिलं सत्र मी स्वतः घेऊन दाखवतो." मी रात्री घरी जाऊन इंग्रजी वाक्यं पाठ करत बसले. माझा नवरा म्हणाला, तू झोपेतही इंग्रजीत आभार मानत होतीस.

सकाळी सभागृहात गेले तर सर आधीच आलेले. ते व्यासपीठाकडं नव्हते. मागच्या बाकावर गुरुजींच्या शेजारी बसले होते, हातात पेन्सिल, समोर कोरा कागद, प्रशिक्षणार्थीसारखे.

साहेबांनी सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, वेगही चांगला होता. आकलनाच्या पायऱ्या, वाचनाचे हेतू, विद्यार्थ्यांच्या पातळ्या. सभागृहात पंख्यांचा आवाज. सगळे शिक्षक माना हलवत होते. मी ती हलणारी मान नववीच्या वर्गात इतकी वर्षं बघितली होती, पण एवढी मोठी माणसं एकदम ती हलवताना पहिल्यांदाच बघितली.

साहेबांनी इंग्रजीत विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्यांनी "येस सर" म्हटलं.

सर उभे राहिले. "साहेब, मला न्हाय समजलं."

साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच परत, जरा हळू सांगितलं, इंग्रजीतच.

"अजून न्हाय समजलं."

"कुठला भाग?"

"सुरवातीपास्नं."

कुणीतरी खोकलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. हे शिक्षक इंग्रजीचे आहेत आणि त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांना ही मस्करी वाटली असावी. ते काही बोलणार, एवढ्यात शेजारचे गुरुजी उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. "मलाबी न्हाय समजलं, साहेब. ह्या सरांना न्हाय समजलं तर मला काय समजणार? पर मी म्हणणार नव्हतो."

मग गडमुडशिंगीचे एक जण उठले. मग दुसरे. मग पन्हाळ्याच्या त्या तरुण बाई, ज्यांना बऱ्यापैकी समजत होतं असं मला वाटत होतं, त्याही उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मधलं समजलं, पण ते कशाबद्दल होतं ते नाही समजलं." हळूहळू अर्ध्याहून जास्त सभागृह उभं. कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं. नुसतं उभं.

साहेबांच्या हातात सूचनांचा कागद होता. त्यांनी तो बघितला, परत बघितला, आणि खुर्चीवर बसले. रुमालानं मान पुसली. मग मराठीत म्हणाले, "बसा सगळे. खरं सांगू का, यातलं तिसरं कलम मलाही नीट लागलेलं नाही. मी वरती विचारलं होतं. त्यांनी हाच कागद परत पाठवला."

सभागृहात पहिल्यांदाच सगळे मोकळं हसले. सर पुढं गेले, तो कागद घेतला, चष्मा लावला आणि मनात वाचला. "वाक्य लई लांब हाय," ते म्हणाले. "मधलं काढून टाका, मग कळतंय." आणि दोघांनी मिळून ते कलम लावलं. साहेब जाताना म्हणाले, "लिहून मी काही देणार नाही. पण चालू द्या." तसं ते चालू राहिलं. साहेब पुढच्या दिवशी परत आले आणि मागं बसले.

मी नंतर सरांना विचारलं, "तुम्हाला खरंच समजलं नव्हतं, का मुद्दाम उभे राहिलात?"

"अर्धं अर्धं," सर म्हणाले. कुठलं अर्धं, ते त्यांनी सांगितलं नाही. ज्या माणसाला इंग्रजी ऐकू येत नाही, त्यानं त्या वेगातलं किती पकडलं असेल, मला आजही ठरवता येत नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी, साहेब आल्यामुळं अर्धाच राहिलेला छत्रीचा तो उतारा परत दिला, तीन रूपांत. पन्हाळ्याच्या बाईंसारख्यांच्या कागदावर शेवटची ओळच नव्हती, ती त्यांनी लिहायची. मधल्यांना सगळा उतारा. गुरुजींना छोटी छोटी वाक्यं. गोष्ट अशी. एक माणूस एस.टी.तून कोल्हापूरला निघालाय. बाहेर धो धो पाऊस, आणि बसचा पत्रा नेमका त्याच्या डोक्यावर गळतोय. मांडीवर छत्री, मिटलेली. कंडक्टर विचारतो, "अहो, छत्री तरी उघडा." तो म्हणतो, "शेजाऱ्याची आहे. भिजवू नका म्हणालाय."

गुरुजी शेजारी या शब्दावर अडले. इंग्रजीत त्या शब्दाची अक्षरं अशी आहेत की त्यातली निम्मी कशासाठी आहेत ते इंग्रजांनाच माहीत. गुरुजींनी ती एकेक करून उच्चारली. जो शब्द तयार झाला तो ऐकून बाकीचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फक्त त्या शब्दावर आपली पेन्सिल आडवी ठेवली आणि म्हणाले, "हे ऱ्हाऊ द्या. फुडचं वाचा."

गुरुजी पुढचं वाचून बसले. हसले नाहीत. बाकी सगळे हसून झाले, पन्हाळ्याच्या बाईंनी लिहिलेला शेवट तर माझ्या मते सरांच्या शेवटापेक्षा बरा होता, कागद गोळा झाले. गुरुजींचा चेहरा तसाच. मला फार वाईट वाटलं. वाटलं, हे आता जाणार आणि निवृत्ती मागणार.

बाहेर व्हरांड्यात चहा सुरू झाला. निरोपाची बोलणी, एस.टी.च्या वेळा. गुरुजी कठड्याशी एकटे उभे राहून बशीत चहा ओतत होते. आणि एकाएकी त्यांच्या तोंडून हसू फुटलं. बशी हलली, चहा सदऱ्यावर सांडला, तरी ते हसतच राहिले. "आयला, त्येची न्हवंच ती," ते म्हणाले. "दुसऱ्याची हाय छत्री. शेजाऱ्याची हाय. म्हणून उघडंना."

व्हरांड्यातले सगळे थांबून बघत राहिले. सर पाठमोरे झाले आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले. परत आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "उशिरा हसला. पर स्वताचं हसला."

गुरुजींनी निवृत्ती मागितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्या शाळेत आले, खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन. सर त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि स्टाफरूममधलं आपलं कपाट रिकामं करत होते, म्हणजे एकेक कागद काढून वाचत होते आणि परत ठेवत होते. मी चहा मागवला. गुरुजी पंख्याखाली बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"कसं चाललंय इंग्रजी?" सरांनी विचारलं.

"चाललंय, पर एक भानगड झालीया," गुरुजी म्हणाले. "पैल्या दिवशी मी पोरांना सांगितलं, बाबांनो, मलाबी हे पुरतं येत न्हाय. अडलं तर बोला, दोघं मिळून बघू. तर आता पोरं बोलायलीत. गुरुजी, कळलं न्हाय. इंग्रजीला बोलत्यात, गणिताला बोलत्यात, मराठीच्या धड्यालाबी बोलत्यात. आदी कुणी कधी बोललंच न्हवतं वो. जलमभर मी शिकवत आलो, आन् मला वाटायचं, सगळ्यांना सगळं कळतंय."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. "किती पोरं इचारत्यात?"

"सगळीच. तास फुडं सरकतच न्हाय."

"मग बरोबर चाललंय," सर म्हणाले, आणि गुरुजींच्या बशीत चहा ओतला.